ठकीच्या मातीचा अहवाल

माती ओळखण्यात चाळणीरावांचा हात धरणारा माणूस त्या शहरात दुसरा नव्हता. चिमूटभर माती बोटांत चोळून, नाकाशी नेऊन ते सांगत, की ही नदीकाठची, ही टेकडीवरची, आणि ही मातीच नव्हे, कुणीतरी विटेचा चुरा पाठवून खात्याची चेष्टा केली आहे. माती परीक्षण प्रयोगशाळेत बावीस वर्षं चाळण्या हलवल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं. मागून म्हणता म्हणता लोक तोंडावर म्हणू लागले आणि शेवटी त्यांच्या बायकोनेही ते स्वीकारलं. अशा माणसाला एका साडेतीन किलोच्या मांजरीने मातीच्याच विषयात नापास करावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं नसतं तरच नवल.

मांजर त्यांच्या सासूबाईंचं. नाव ठकी. रंग मळकट पांढरा, स्वभाव निवृत्त न्यायाधीशाचा. दोन महिन्यांपूर्वी सासूबाई कायमच्या राहायला आल्या, तेव्हा एका हातात टोपली होती आणि टोपलीत ठकी होती. दुसऱ्या हातात कॅनव्हासची मोठी बॅग होती. ठकी टोपलीतून लगेच बाहेर आली. बॅग मात्र अजून भरलेलीच होती. सासूबाई रोज तिच्यातून कपडे काढत, धुऊन वाळले की घडी घालून परत तिच्यातच ठेवत. शेजारी नवं कोरं कपाट रिकामं उभं होतं.

"आई, बॅग रिकामी कर ना आता," बायको म्हणे.

"करते गं. कुठे पळून चाललीय ती?" सासूबाई म्हणत. बॅग पळून चालली नव्हती हे खरं, पण ती निघायच्या तयारीत दाराशी उभी होती हेही तितकंच खरं.

सासूबाईंचं जुनं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नाही. मागे न्हाणीघरात पाय घसरून त्या तासभर फरशीवर पडून होत्या, तेव्हा कुठे शेजाऱ्याला आवाज गेला. तिकडे त्यांनी परत एकटं राहू नये, असं बायकोला वाटे, ते साहजिकच. पण चाळणीरावांनाही ते तितकंच मनापासून वाटे, आणि त्याला एक खाजगी कारण होतं. संध्याकाळी ते घरी आले की सासूबाई विचारत, "काय जावईबापू, आज कुठली माती आली?" आणि खरोखर ऐकत. बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना घरात कुणी विचारला नव्हता. बायको फक्त पाय पुसून या म्हणत असे.

तर झालं असं, की सासूबाईंना खोकला लागला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात धुळीचं काही काम चालतं का?" बायकोने चाळणीरावांकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईने खुलासा केला, की ऑफिसची धूळ ते ऑफिसातच ठेवतात. मग चौकशी ठकीच्या ट्रेपर्यंत पोचली. ट्रेमध्ये बारीक माती होती. ठकी आपला कार्यभाग उरकून ती चारी पायांनी उडवत असे, आणि हा ट्रे सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी होता.

"माती बदला, नाहीतर मांजर बदला," डॉक्टर म्हणाले. "तीन आठवड्यांनी परत दाखवा."

"मांजर जाईल तिथे मी जाईन," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवून नव्हे. अर्धा कप चहा पुरे म्हणावं इतक्या शांतपणे. त्यामुळेच सगळ्यांना खरं वाटलं.

"मातीचं माझ्यावर सोडा," चाळणीराव म्हणाले. हे वाक्य पुढे त्यांना बऱ्याच वेळा ऐकवण्यात आलं.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात कागदाच्या लगद्याच्या गोळ्या मिळाल्या. चण्याएवढ्या, करड्या, धूळ औषधालाही नाही. दुकानदार म्हणाला, "सगळी मांजरं आनंदाने वापरतात."

"सगळी?"

"अजून एकही मांजर तक्रार घेऊन आलेलं नाही."

चाळणीरावांनी जुनी माती काढून एका डब्यात भरली, डब्यावर तारखेची चिठ्ठी लावली, ट्रे घासून धुतला आणि त्यात गोळ्या ओतून हाताने सपाट केल्या. ठकी आली. तिने वास घेतला. एक पंजा आत टाकला, काढला, झटकला, आणि चाळणीरावांकडे असं पाहिलं, की त्यांनी नकळत "सॉरी" म्हटलं. मग ती निघून गेली. अकरा तास तिने कळ काढली. बाराव्या तासाला चाळणीरावांच्या ऑफिसच्या बुटाची निवड केली. डाव्या.

आता अशा प्रसंगी माणसाने तोंड बंद ठेवावं. पण बूट गॅलरीत वाळत घातल्यावर इमारतीत गोष्ट लपते थोडीच. समोर राहणाऱ्या शिवणकामवाल्या काकू टेप गळ्यात तशीच ठेवून आल्या. "रंगावर अडलं असणार तिचं. माझ्या गिऱ्हाइकांचं तसंच असतं. कापड कितीही चांगलं असू दे, रंग पटला नाही की घोडं अडलंच!" वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "पहिल्याच दिवशी ढिलाई दाखवलीत. आता ती तुम्हाला जुमानणार नाही." हेडमास्तरांनी आयुष्यात मांजर पाळलं नव्हतं, पण चाळीस वर्षं मुलं सांभाळली होती आणि फरक फारसा नाही असं त्यांचं मत होतं. काकूंनी जाता जाता आणखी एक उपाय सांगितला. "तिला करून दाखवा हो. म्हणजे तसं नाही! नुसतं उकरून दाखवा. बघून शिकतात जनावरं."

चाळणीराव शास्त्रीय वृत्तीचे होते, म्हणजे कुठलीही गोष्ट करून पाहिल्याशिवाय ती मूर्खपणाची आहे असं म्हणायचे नाहीत. रविवारी सकाळी ते गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात ट्रेमध्ये घातले आणि खरखर उकरू लागले. ठकी समोर बसून पाहत होती. तिला विषयात रस वाटत होता हे नक्की. तिने मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केली. म्हणून ते आणखी जोरात उकरू लागले. तेवढ्यात उघड्या दारातून इमारतीचे सेक्रेटरी आत आले. ते पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले होते. पण टाकीचा विषय न काढता ते नुसतंच "नंतर येतो" म्हणाले आणि गेले. चाळणीरावांना दोन दिवस त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही.

इथून पुढे त्यांनी लोकांचं ऐकणं बंद केलं आणि आपल्या विद्येकडे वळले. पहिल्या दिवशी दहा टक्के नवं, नव्वद टक्के जुनं, मग वीस आणि ऐंशी, असं मिश्रण करायचं ठरलं. पदार्थ वजन करून घ्यायचा. फ्रिजवर तक्ता लागला: तारीख, प्रमाण, वास घेतला का, पंजा घातला का, शेरा. जुन्या मातीची धूळ नको म्हणून ट्रे पलंगापासून काढून मागच्या गॅलरीत नेला. आणि प्रयोगशाळेचा पहिला नियम त्यांनी काटेकोर पाळला. तो नियम असा, की एका नमुन्याचा कणही दुसऱ्या नमुन्याला लागता कामा नये. म्हणून ते ट्रे रोज गरम पाण्याने तीनदा धूत, मग लिंबाच्या वासाच्या साबणाने घासत, मग ऑफिसातून आणलेल्या शुद्ध पाण्याने खळाळत आणि उन्हात वाळवत. जुनी मातीसुद्धा दर वेळी पाकिटातली ताजी, कोरी. इतका स्वच्छ ट्रे जगात कुठल्या मांजराच्या वाट्याला आला नसेल.

ठकी तो ट्रे रोज नव्याने हुंगे, शिंके आणि निघून जाई. शेरा या रकान्यात पुढील नोंदी झाल्या: धुण्याची टोपली. वर्तमानपत्र (आजचं). चाळणीरावांची ऑफिसची पिशवी. आठव्या दिवशी शेरा होता, 'आढळले नाही', आणि त्यांना जरा आशा वाटली. नवव्या दिवशी हेडमास्तर खाली आले. जिन्याच्या वळणावर त्यांनी गुलाबाची कुंडी ठेवली होती. आढळलं ते तिथे.

चाळणीराव हात जोडत वर गेले. माफी मागता मागता त्यांचा हात सवयीने कुंडीत गेला. त्यांनी माती चोळून पाहिली. भुसभुशीत, पानांचं कुजलेलं खत, ओलावा मध्यम. "निवड मात्र उत्तम आहे हो तिची," ते म्हणाले. हेडमास्तरांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचं पत्र आलं. 'आपल्या मांजराने सामाईक जागेत खाजगी कृत्य केल्याचे निदर्शनास आले आहे. तीन प्रतींत खुलासा करावा. तसेच सदर प्राण्याची नोंद नसल्याने ती तत्काळ करावी.' नोंदीच्या फॉर्मवर फक्त कुत्र्याची सोय होती. चाळणीरावांनी विचारलं, मांजराचं काय? सेक्रेटरींनी बराच विचार केला. नवा फॉर्म छापायचा तर सभा बोलवावी लागेल आणि सभेला कुणी येत नाही. म्हणून ठकीची नोंद 'कुत्रा (लहान)' अशी झाली. 'भुंकतो का?' पुढे त्यांनी स्वतःच 'क्वचित' लिहिलं.

बारावा दिवस उजाडला. सासूबाई रोज खोकत होत्या, कमी, पण खोकत होत्या. आणि बॅगेची चेन, जी नेहमी अर्ध्यात अडकत असे, ती त्यांनी त्या दिवशी मेणबत्ती घासून सरळ करून ठेवली. चाळणीरावांनी ते पाहिलं आणि त्यांना जेवण गेलं नाही. आपल्याला माती कळते, असं आपण इतकी वर्षं समजत होतो, मग या गोळ्यांत असं आहे तरी काय, जे ठकीला कळतं आणि आपल्याला कळत नाही? चिडण्यापेक्षा त्यांना आता खरोखरच कुतूहल वाटू लागलं होतं. त्यांनी त्या दिवशीच्या ट्रेमधलं मूठभर मिश्रण पुडीत बांधलं आणि ऑफिसला नेलं.

प्रयोगशाळेच्या आवक खिडकीवर ज्या बाई बसत, त्या साहेबांच्या साहेबांनाही फॉर्मशिवाय आत घेत नसत. चाळणीरावांनी पुडी पुढे सरकवली. बाईंनी फॉर्म पुढे सरकवला.

"जमिनीचा मालक?"

"सासूबाई."

"क्षेत्र?"

"दीड फूट बाय एक."

बाईंनी वर पाहिलं नाही. "पाण्याची सोय?"

"व्हायला हवी. दिवसातून तीनदा."

"मागील पीक?"

"बाई, ते राहू द्या."

"रिकामं ठेवता येत नाही. घ्यायचं पीक?"

"मिश्र लिहा," चाळणीराव हताशपणे म्हणाले, आणि बाईंनी दोन्हीकडे मिश्र लिहिलं.

चौथ्या दिवशी अहवाल आला. तो वरच्या मॅडमच्या सहीचा होता, आणि मॅडम सही करण्यापूर्वी वाचत नसत हे सर्वांना माहीत होतं. 'नमुना असाधारण स्वच्छ. जमीन जवळजवळ निर्जीव. शिफारस: मागील पिकाचे अवशेष पूर्णपणे उचलून टाकू नयेत. थोडे जमिनीतच राहू द्यावेत व नव्या मातीत मिसळावेत.' खाली शिक्का होता.

चाळणीराव एकटेच हसले. ते शिफारशीचं वाक्य पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. निर्जीव जमिनीला ते आपोआप छापलं जायचं आणि आजवर हजारो लोकांच्या घरी गेलं असेल. त्यांच्या स्वतःच्या घरी येणारं हे पहिलंच. जिना चढता चढता त्यांचं हसू हळूहळू थांबलं. वळणावर ते उभेच राहिले. मग दोन-दोन पायऱ्या ओलांडत घरी आले.

"आई, तुम्ही तिकडे ठकीचा ट्रे कसा धुवायच्या?"

"आठवड्यातून एकदा. साध्या पाण्याने."

"रोज नाही?"

"रोज कशाला? रोज धुतला तर तिला कसं कळणार तो आपला आहे म्हणून?"

चाळणीराव खुर्चीत बसले. "मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही तक्ता लावला होता ना," सासूबाई म्हणाल्या. "शिकलेल्या माणसाच्या कामात मी कुठे तोंड घालू?"

त्या संध्याकाळी त्यांनी लिंबाचा साबण कपाटावर फेकला. पहिल्या दिवशी भरून ठेवलेला, चिठ्ठी लावलेला जुन्या मातीचा डबा काढला. ती माती कोरी नव्हती, ठकीने वापरलेली होती. एक चमचा मिश्रणात टाकण्यापूर्वी त्यांनी तो दोनदा परत डब्यात ठेवला, कारण बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जाणूनबुजून नमुना बिघडवला नव्हता. चमचा टाकला आणि ते आत निघून गेले.

थोड्या वेळाने मागच्या गॅलरीतून आवाज आला. खर्र, खर्र. बायको हातात डाव घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकली. सासूबाईंनी खोकला तोंडातच दाबला. चाळणीराव भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत राहिले. वाळूचा आवाज वेगळा, चिकणमातीचा वेगळा. हा कागदाच्या गोळ्यांचा होता. ठकी बाहेर आली, तिघांच्या मधून शेपटी ताठ करून गेली आणि कुणाकडे पाहिलंही नाही.

विसाव्या दिवसापर्यंत ट्रेमध्ये निव्वळ गोळ्या होत्या. एकविसाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ. चाळणीरावांनी येताना काकूंना सांगितलं, हेडमास्तरांना सांगितलं, सेक्रेटरींना न विचारता सांगितलं. घरी आल्यावर सासूबाई पाणी प्यायल्या, पेला उपडा घातला आणि म्हणाल्या, "चला. ठकीचं मार्गी लागलं, माझा खोकलाही गेला. आता मी आपली येत्या रविवारी निघते."

"कुठे?" बायकोने विचारलं.

"घरी."

बायको मोरीत जाऊन उगाच भांडी घासू लागली. चाळणीरावांना मात्र ओरडावंसं वाटलं. मांजरासाठी त्यांनी बूट गमावला, हेडमास्तर गमावले, अब्रू गमावली, आणि ज्यासाठी हे सगळं केलं तेच चाललं! "आई, इथे काही कमी पडतंय का?" त्यांनी विचारलं.

"छे हो. सगळं छान आहे," सासूबाई म्हणाल्या. "फारच छान आहे."

सासूबाई समोरच्या काकूंकडे बसायला गेल्यावर चाळणीराव त्यांच्या खोलीत उभे राहिले. खोली खरंच छान होती. त्या येणार म्हणून त्यांनीच ती करून घेतली होती. नवा रंग, नवा पलंग, नवी गादी, नवे पडदे, नवं कपाट. सासूबाईंचं जुनं सामान आलं होतं त्या दिवशीच त्यांनी ते तळघरातल्या खोलीत नेऊन टाकलं होतं. "जुनाट आहे, आई, तुम्हाला सगळं नवीन घेतलंय," असं अभिमानाने म्हणालेही होते. दर रविवारी ते ही खोली स्वतः पुसत. त्यांनी खोल श्वास घेतला. लिंबाचा वास आला.

मनात एक गोष्ट आली, आणि ती कुणालाही सांगता येणार नाही हेही त्याच क्षणी कळलं. सासूबाईंचं मन कसं सांभाळावं हे मांजराच्या ट्रेवरून समजलं, असं सांगणाऱ्या जावयाला कुठल्या घरात परत घेतील? पण वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, शिक्क्यानिशी. थोडे जमिनीतच राहू द्यावेत.

तळघराची किल्ली सेक्रेटरींकडे होती. "लेखी अर्ज लागेल," सेक्रेटरी म्हणाले. चाळणीरावांनी खिशातून त्यांचंच पत्र काढलं, मागच्या बाजूला 'सासूबाईंची खुर्ची हवी आहे' एवढंच लिहिलं आणि हातात दिलं. सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं आणि किल्ली घेऊन स्वतःच खाली आले. जिन्यात हेडमास्तर भेटले. ते गुलाबाचं विसरले नव्हते, पण एकटा माणूस खुर्ची चढवतोय हे त्यांना बघवेना. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उचललं. सेक्रेटरींनी रजई घेतली आणि उंबऱ्यावर उभं राहून विचारलं, याची नोंद कुठे करायची?

खुर्चीच्या उजव्या हाताचं पॉलिश पार गेलेलं होतं. रजईला तीन रंगांची ठिगळं होती. घड्याळ सात मिनिटं मागे होतं. बायको ओलं फडकं घेऊन धावत आली.

"पुसू नकोस," चाळणीराव म्हणाले.

"अहो, धूळ आहे!"

"रजई बाहेर जाऊन झटक. खुर्ची कोरड्या फडक्याने. पाणी नको, साबण नको. एवढं ऐक माझं." बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं, आणि कोरडं फडकं आणायला गेली.

सासूबाई परत आल्या. खोलीच्या दारात थांबल्या. मग आत जाऊन खुर्चीत बसल्या आणि त्यांचा उजवा हात आपोआप त्या झिजलेल्या जागी गेला. ठकीने खुर्चीचे चारही पाय एकेक करून हुंगले आणि मांडीवर चढली.

"घड्याळ मागे आहे गं आई. लावून देऊ?" बायकोने विचारलं.

"राहू दे. मला माहितीय ते," सासूबाई म्हणाल्या. चाळणीरावांनी रविवारचं विचारायचं धाडस केलं नाही. बॅग दाराशीच होती.

रविवार आला. ठकीच्या गोळ्या संपत आल्या होत्या. चाळणीराव दुकानात जायला निघाले, पण पाय घराबाहेर पडेना; परत येईपर्यंत दाराशी काय असेल आणि काय नसेल, या विचाराने ते चप्पल घालून तसेच उभे होते. तेवढ्यात सासूबाई खोलीतून आल्या. त्यांच्या हातात ती बॅग होती, चपटी, दुमडलेली.

"ही न्या," त्या म्हणाल्या. "दोन पाकिटं मावतील. सारख्या खेपा नकोत. आणि जावईबापू, परवा ती तांबडी माती आली म्हणत होतात, तिचं पुढे काय झालं ते राहिलंच सांगायचं. लवकर या."

चाळणीराव "हो" म्हणाले आणि बॅग काखेत मारून दाराबाहेर पडता पडता परत एकदा "हो" म्हणाले. जिन्याच्या वळणावर हेडमास्तर कुंडीला पाणी घालत होते. त्यांनी बॅग पाहिली आणि झारी खाली ठेवली.

"अरेरे. निघाल्या का आई?"

"नाही हो," चाळणीराव म्हणाले. "बॅग निघाली."